महामंदीत पोटामागं कॅलिफोर्नियात आलेली शेतमजूर कुटुंबं - वीडपॅचच्या कॅम्पाबद्दल

रानवाट | शनिवार, रात्री ११:४०

बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज मुलं लवकर झोपलीत म्हणून बसलेच. नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षांपूर्वी आम्ही बेकर्सफिल्डला आलो. कॅलिफोर्निया म्हटलं की लोकांना समुद्र आणि सॉफ्टवेअर आठवतं पण आमच्याकडे दोन्ही नाही, इथे नुसती शेती. द्राक्षं, बदाम, संत्री, गाजर, नजर जाईल तिथपर्यंत. मी मूळची सांगोल्याची त्यामुळे मला बरंच वाटलं होतं.

घरापासून गाडीने अर्ध्या तासावर लॅमाँट, वीडपॅच, आर्विन अशी गावं आहेत. तिथे १९३६ साली सरकारने शेतमजुरांसाठी एक कॅम्प बांधला होता, त्यातल्या तीन लाकडी इमारती अजून उभ्या आहेत. एक सभागृह, एक लायब्ररी, एक पोस्ट. बाजूलाच नवी घरं आहेत आणि हंगामात आजही तिथे मजूर कुटुंबं राहतात. मी गेले तेव्हा कुंपणापलीकडे दोरीवर लहान मुलांचे युनिफॉर्म वाळत होते. ते बघून थांबले आणि मग वाचायला लागले.

थोडक्यात सांगते. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला हे सगळ्यांना माहितीय, पण शेतकऱ्याची मंदी त्याच्या आधीपासूनच सुरू झाली होती. कापूस १९२९ ला पौंडाला साधारण १७ सेंट होता तो १९३१ ला ६ च्याही खाली आला. १९३३ मध्ये दर चार कामगारांतला एक बेकार. त्यात ओक्लाहोमा, टेक्सासकडे दुष्काळ आणि धुळीची वादळं. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी तर भर दुपारी इतका अंधार झाला की हातभर अंतरावरचं दिसेना, त्याला काळा रविवारच म्हणतात. बायका दारं-खिडक्यांच्या फटीत ओले कपडे कोंबायच्या, ताटं पालथी घालून ठेवायच्या. लहान मुलं धुळीच्या न्यूमोनियाने गेली. मग लोकांनी असेल ती मोडकी गाडी काढली, गाद्या, पत्र्याचं टब, चूल, कोंबड्या वर बांधल्या आणि ६६ नंबरच्या रस्त्याने पश्चिमेला निघाले. दोन-अडीच हजार किलोमीटर. टेहाचापीचा घाट उतरला की खाली आमचं हिरवंगार खोरं दिसतं, मी तो घाट बऱ्याचदा उतरलेय आणि दर वेळी वाटतं की त्या बायांना इथे काय वाटलं असेल.

आणि खाली पोचल्यावर काय तर कालव्याच्या कडेला तंबू. कालव्याचंच पाणी प्यायचं, त्यातच धुवायचं. टायफॉइड, हगवण. हरभऱ्यापुरता किंवा कापसापुरता माणूस हवा, पीक निघालं की शेरीफची माणसं हाकलायला हजर. मटार निपोमोला, बटाटा शाफ्टरला, पीच वर मेरीसव्हिलला, कापूस इथे आर्विनला, असं पिकामागं फिरत राहायचं.

इथल्या कोणाचं या विषयावर वाचन असेल तर लिहा. कॅम्पातल्या शाळेबद्दल मला वेगळं लिहायचंय.

---

प्राजक्ता_कु | रविवार, सकाळी ७:१५

ताई फार छान लिहिलंय, वाचतेय. (पण तिकडे हरभरा? की मटार म्हणायचं होतं?) तो एका बाईचा प्रसिद्ध फोटो आहे ना, गालाला हात लावून बसलेली आणि दोन मुलं पाठमोरी, ती याच कॅम्पातली का?

---

रानवाट | रविवार, सकाळी ९:०२

मटारच गं, रात्री लिहिलं की असं होतं. :)

नाही, तो फोटो निपोमोचा, मार्च १९३६. डोरोथिआ लँग नावाची फोटोग्राफर सरकारी कामावरून घरी परत चालली होती, रस्त्यावर मटार तोडणाऱ्यांच्या कॅम्पाची पाटी दिसली, ती पुढे निघून गेली आणि वीसेक मैल गेल्यावर राहवेना म्हणून परत फिरली. थंडीने मटार गोठून गेला होता त्यामुळे काम नाही आणि काम नाही म्हणून खायला नाही. फोटो छापून आल्यावर सरकारने तिथे २० हजार पौंड धान्य पाठवलं. पण तोपर्यंत ती बाई मुलांना घेऊन पुढच्या कामावर निघून गेली होती. तिच्या ताटात त्यातलं काहीच पडलं नाही.

बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, तेव्हा वय ३२, सात मुलं. नाव जगाला कळलं ते १९७८ मध्ये. आणि एक गोष्ट मला फार लागली, ती चेरोकी होती, म्हणजे अमेरिकेतली मूळनिवासी. ज्यांची जमीन आधी एकदा गेलेली. लोक तिला धुळीतून पळालेली गोरी शेतकरीण समजत राहिले, खरं तर ती वादळांच्या किती तरी आधी, १९२० च्या दशकातच कॅलिफोर्नियात आली होती. त्या फोटोचा तिला एक पैसा मिळाला नाही असं ती स्वतः सांगायची.

---

मुकुंद_दे | रविवार, सकाळी १०:२०

रानवाट, धागा आवडला पण एक दुरुस्ती सुचवतो, राग मानू नका. धूळ हे कारण आपण सगळेच पुढे करतो कारण फोटो धुळीचे आहेत. पण कॅलिफोर्नियात जे ओक्लाहोमावाले आले त्यातले बहुतेक वादळं झाली त्या पश्चिम टोकाकडचे नव्हतेच. ते पूर्वेकडचे, कापसाच्या पट्ट्यातले. आणि अर्कान्सा, टेक्सास, मिसुरीचे. हे लोक कूळ होते, जमीन दुसऱ्याची, धान्याचा तिसरा हिस्सा आणि कापसाचा चौथा हिस्सा मालकाला. काही तर नुसते अर्धेलीवाले, बैलसुद्धा मालकाचा.

१९३३ मध्ये सरकारने कायदा केला की भाव वर यायला हवा तर पीक कमी करा, जो शेतकरी जमीन पडीक ठेवेल त्याला पैसे. त्या एका वर्षात सुमारे १ कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकला. आता पैसे कोणाला मिळणार? ज्याच्या नावावर जमीन त्याला. कुळाला त्यातला वाटा द्यावा असं कागदावर होतं पण देणारा मालक, आणि तक्रार ऐकणारी गावातली समिती पण मालकांचीच. मालकाने पैसे घेतले, त्या पैशाने ट्रॅक्टर घेतला, आणि कुळाला सांगितलं की आता तुझी गरज नाही. म्हणजे मदतीसाठी केलेल्या कायद्यानेच घर सुटलं. अर्कान्सामध्ये टायरोन्झा गावात १९३४ च्या जुलैत कुळांनी संघटना बांधली, काळे आणि गोरे एकत्र, त्या काळी दक्षिणेत ही किती धाडसाची गोष्ट होती. मालकांनी त्यांना मारहाण केली, घरांवर गोळ्या झाडल्या.

धुळीला दोष दिला की कोणालाच दोष द्यावा लागत नाही म्हणून हे लिहिलं.

---

अण्णा यवतमाळ | रविवार, दुपारी १:४५

मुकुंदराव तुम्ही कापसाच्या भावाचं लिहिलं आन् मले आमचे आजोबा आठवले. तो भाव काही एकट्या अमेरिकेतच पडला नाही, कापूस जगभर एकाच बाजारानं चालते. वऱ्हाडातला कापूसही त्याच साली मातीमोल झाला, सारा मात्र तेवढाच आन् सावकाराचं व्याजही तेवढंच. आमच्या घरी सांगतात की आजोबांची १४ एकर काळी त्याच चार-पाच वर्षांत सावकाराकडे गेली आन् ज्या वावराचे मालक होते त्याच वावरात ते सालदार म्हणून राहिले. लहानपणी आम्हाले वाटे की आजोबांनी काही व्यसन-बिसन केलं असंल, घरात कोणी त्याबद्दल बोलतच नव्हतं. लाज वाटे. कर्जाच्या तडजोडीसाठी मध्यप्रांतात १९३३ ले कायदा झाला होता, पण आजोबांच्या हाती काही आलं नाही. आता या वयात समजते हाय की न्यूयॉर्कात पडलेला भाव आमच्या आजोबांच्या डोक्यावर पडला होता.

वेचणीचे किती देत होते तिकडे?

---

रानवाट | रविवार, रात्री १०:३०

मुकुंदकाका राग कसला, हे मला खरंच इतकं स्पष्ट माहिती नव्हतं. मूळ लेखात बदल करत नाही, तुमची प्रतिक्रियाच लोकांनी वाचावी.

अण्णा, तुमचं वाचून काय लिहावं कळेना. वेचणीचं सांगते. १०० पौंडांवर दर असायचा, म्हणजे ४५ किलो. १९३२ मध्ये ४० सेंट, १९३३ मध्ये मालकांनी ६० सेंट जाहीर केले. मजुरांनी १ डॉलर मागितला आणि याच आमच्या खोऱ्यात १८ हजार मजूर संपावर गेले, त्यातले बहुतेक मेक्सिकन. मालकांनी त्यांना घरातून बाहेर काढलं म्हणून कॉर्कोरनला एका मोकळ्या रानात हजारो माणसांचं तंबूचं गावच उभं राहिलं. १० ऑक्टोबर १९३३ ला पिक्सलीत सभेवर गोळीबार झाला, दोघं गेले, त्याच दिवशी आर्विनमध्ये आणखी एक. शेवटी ७५ सेंटवर मिटलं. पिक्सलीच्या गोळीबाराबद्दल ज्यांच्यावर खटला चालला ते मालक निर्दोष सुटले. मी पिक्सलीवरून किती वेळा गेलेय, हायवेवरचं साधं गाव, पेट्रोल भरायला थांबतो आम्ही तिथे.

पाठीमागे नऊ-दहा फुटी कॅनव्हासची पिशवी ओढत वेचायचं, बाईच्या पिशवीवर तान्हं मूल बसवलेलं असायचं. आपल्याकडे ओटी बांधतात तसं नाही, ओझं जमिनीवरून ओढायचं.

---

पक्या फ्रेस्नो | सोमवार, पहाटे ५:५०

मी तुमच्यापासून वर शंभर मैलांवर. एक भाग राहतोय तो लिहितो. ओक्लाहोमाचे लोक यायच्या आधी हीच कामं करणारे मेक्सिकन, फिलिपिनो, जपानी आणि आपले पंजाबी होते. मंदी आली तशी सगळ्यांना मेक्सिकन नकोसे झाले, आमच्या नोकऱ्या खातात म्हणे. २६ फेब्रुवारी १९३१ ला लॉस एंजेलिसमध्ये ला प्लासिता नावाच्या बागेला पोलिसांनी वेढा घातला आणि चारेकशे माणसं अडकवून कागद विचारले. पुढे रेल्वे भरभरून लोक सीमेपार पाठवले, लाखोंनी, आणि त्यातले कित्येक तर अमेरिकेत जन्मलेले नागरिक होते. राज्य सरकारने माफी मागितली २००५ मध्ये! माझ्या ऑफिसातल्या एका बाईची आजी सहा वर्षांची असताना अशीच गेली होती, इंग्रजी शाळेतून थेट अशा देशात जो तिने कधी बघितला नव्हता. मोठी झाल्यावर परत आली ती त्याच शेतात मजूर म्हणून.

पंजाबी लोकांचं वेगळंच. जमीन विकत घ्यायला कायद्याने बंदी (१९१३ चा कायदा), बायका आणता येत नव्हत्या, मग इंपीरियल व्हॅलीत कित्येकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली आणि त्यांच्या घरात रोटी आणि तोर्तिया दोन्ही झाल्या. नागरिकत्व मिळायला १९४६ उजाडलं.

म्हणून मला असं वाटतं की ओकींचे (ओक्लाहोमाकडून आलेल्यांना इथे ओकी म्हणायचे) हाल खरे आहेत, पण त्यांच्या फोटोंनी देश हलला कारण ते गोरे होते. मेक्सिकन कालव्याकाठी वीस वर्षं राहत होते तेव्हा कोणी सरकारी कॅम्प बांधला नाही.

---

मुकुंद_दे | सोमवार, सकाळी ९:१०

पक्या, अगदी. आणि गोऱ्यांनासुद्धा ते गोरे म्हणून आत घेतलं असं नाही. १९३६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या पोलीस प्रमुखाने आपले १३६ पोलीस थेट राज्याच्या सीमेवर पाठवले, खिशात पैसे नसलेल्याला परत फिरवायला. आपल्याच देशात! शहराच्या पोलिसाचा राज्याच्या सीमेशी काय संबंध.

मग तो मेव्हण्याचा खटला. मेरीसव्हिलमध्ये राहणारा एडवर्ड्स नावाचा माणूस टेक्सासला जाऊन बायकोच्या बेकार भावाला गाडीत घालून घरी घेऊन आला. एवढाच गुन्हा. निर्धन माणसाला राज्यात आणणं कॅलिफोर्नियाच्या कायद्यात गुन्हा होता, त्याला शिक्षा झाली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने तो कायदा रद्द केला. मेव्हण्याला घरी आणायचा हक्क मिळवायला सुप्रीम कोर्ट गाठावं लागलं.

---

धारूरचा मास्तर | सोमवार, रात्री ११:२५

दोन दिवस वाचतोय, लिहू का नको असं चाललं होतं. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे, मी नववीपर्यंत त्यांच्यासोबत. आता जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे.

ताईंनी पिशवीवर बसवलेल्या लेकराचं लिहिलं तिथंच मी थांबलो. माझी धाकटी बहीण फडात वाढ्यांच्या ढिगाऱ्यावर झोपलेली असायची आणि मला तिच्यापाशी बसवलेलं, काम एकच, ट्रॅक्टर आला की ओरडायचं. मी सहा वर्षांचा होतो.

आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाईची वेगळी मजुरी नाही, हिशेब नवऱ्याच्या नावानं, उचलीवर अंगठा नवऱ्याचा. दसरा झाला की टोळी निघते. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असती, लग्नाला, दवाखान्याला, नाहीतर नुसतं पावसाळा काढायला. पहाटे तीन-चारला उठायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढायचं. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की हिशेब, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या सालीबी तोच मुकादम. एका साली आमच्या टोळीचा मुकादम हिशेब न करताच पळून गेला, कारखान्यानं हात वर केले की आमचा व्यवहार त्याच्याशी. वडील तीन दिवस ऑफिसपुढं बसून परत आले. ते नंतर कधी त्याबद्दल बोलले नाहीत पण आईनं त्या साली जोडवी मोडली.

दर २०२४ च्या करारात टनाला ३६६ रुपये ठरला, आधी २७३ होता. वाढ झाली ही चांगलीच गोष्ट, पण हा दर दोघांच्या कामाचा आहे हे बाहेरच्याला सांगावं लागतं.

मला एक विचारायचंय ताई. तिकडं युनियन, किमान वेतन हे सगळं त्याच काळात आलं असं आम्ही बी.एड.ला वाचलं होतं. त्यात हे लोक धरले होते का?

---

रानवाट | मंगळवार, रात्री १२:१०

नाही दादा, धरले नव्हते. १९३५ चा युनियनचा कायदा, त्याच वर्षीचा म्हातारपणीच्या पेन्शनचा कायदा, १९३८ चा किमान वेतनाचा, तिन्हींतून शेतमजूर वगळले. घरकाम करणाऱ्या बायका पण पहिल्या दोन्हींतून वगळल्या. दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या माणसांची हीच दोन कामं होती, ते काही योगायोगाने झालं नाही असं बरेच अभ्यासक म्हणतात. किमान वेतनात शेतमजूर आले १९६६ ला, तेही सगळे नाहीत. कॅलिफोर्नियात युनियनचा हक्क १९७५ ला मिळाला.

तुम्ही शिक्षक आहात तर शाळेचं आता लिहितेच.

कॅम्पातली मुलं आजूबाजूच्या शाळांत जायची तेव्हा त्यांना मागे जमिनीवर बसवायचे, पायात बूट नाहीत, बोलणं वेगळं, म्हणून मतिमंद म्हणायचे. ओकी ही शिवीच होती. लिओ हार्ट नावाचा माणूस १९३९ मध्ये केर्न काउंटीचा (म्हणजे आमच्या जिल्ह्याचा) शिक्षण अधिकारी म्हणून निवडून आला. तो कॅम्पाजवळच्या मैदानात या मुलांशी गप्पा मारायला जायचा. गावाच्या शाळा या मुलांना घेत नाहीत म्हणाल्या तेव्हा त्याने सांगितलं बरं, मग यांच्यासाठी वेगळी शाळा काढू. १९४० मध्ये कॅम्पाशेजारी जागा घेतली, सुरुवातीला साधारण ५० मुलं, मोडकळीला आलेल्या दोन इमारती, आणि शिक्षक हाताने निवडलेले. बाकीची शाळा मुलांनी आणि शिक्षकांनी स्वतः बांधली. विटा, सुतारकाम, नळाची कामं सगळं शिकता शिकता. भाज्या लावल्या, जनावरं पाळली, त्याचंच जेवण. पोहण्याचा तलाव स्वतः खणला. एक जुनं विमान आणलं, त्यावर मुलं मेकॅनिकचं काम शिकायची. काही वर्षांनी गावातले पालकच आपल्या मुलांना इथे घ्या म्हणून येऊ लागले.

मी इथे बदली शिक्षिका म्हणून जाते कधीकधी, त्यामुळे ती शाळा मला कॅम्पापेक्षाही जवळची वाटते.

---

धारूरचा मास्तर | मंगळवार, रात्री ९:४०

ताई आमच्याकडं साखरशाळा होत्या, कारखान्यावर. मी एकीत दोन महिने होतो. चांगल्या बाई होत्या. पण टोळी दुसऱ्या गावाला हलली की संपलं. आता गावात हंगामी वसतिगृह असतं, आजी-आजोबांकडं लेकरं ठेवायची म्हणतात. माझ्या वर्गात ३१ पटावर आहेत, दिवाळीनंतर १२-१३ जण गायब असतात. मार्च-एप्रिलला येतात, हाताला कोयत्याचे घट्टे, आणि अपूर्णांक विसरलेले. मी त्यांना मागं बसवत नाही.

---

अण्णा यवतमाळ | मंगळवार, रात्री १०:०५

मास्तर, तुम्ही लिहीत जा. रानवाट ताई, त्या कॅम्पात नेमकं काय होतं का लोकांना तो बरा वाटे?

---

रानवाट | बुधवार, रात्री ११:१५

अण्णा, मुख्य म्हणजे लोकांचंच राज्य होतं. तंबूच, पण खाली लाकडी फळ्या. भाडं नाममात्र आणि तेही नसेल तर कॅम्पातच काम करून फेडायचं. कुटुंबांनी निवडलेल्या समित्या, बायकांची वेगळी समिती, भांडणं तिथेच मिटवायचे. शनिवारी रात्री सभागृहात नाच-गाणं. मी ज्या सभागृहाच्या दारात उभी होते तेच हे. पण असे कॅम्प अगदी थोडे होते, बहुतेक लोक शेवटपर्यंत कालव्याकाठीच राहिले, १९३८ च्या फेब्रुवारीत व्हिसेलियाकडे पूर आला तेव्हा हजारो कुटुंबं चिखलात अडकून उपाशी होती. मग युद्ध आलं, ओकी लोक जहाजांच्या आणि विमानांच्या कारखान्यांत गेले, आणि शेतात १९४२ पासून सरकारी करार करून पुन्हा मेक्सिकोतून माणसं आणली. दहा वर्षांपूर्वी ज्यांना रेल्वेत भरून पाठवलं होतं त्यांच्याच गावांमधून.

मास्तर, एक विनंती. आईंना विचाराल का, निघताना गाडीत काय काय घ्यायच्या? मला त्या ६६ नंबरच्या रस्त्यावरच्या गाड्यांचे फोटो बघून सारखं तेच मनात येतंय.

---

धारूरचा मास्तर | शुक्रवार, रात्री १०:५०

विचारलं. आई म्हणाली, ज्वारीचं पोतं, तवा, दोन पातेली, हंडा, कळशी, कोपीला ताडपत्री न बांबू, गोधड्या, शेळी, चार कोंबड्या, कोयते, आणि तुमी दोघं. फोनवर तिला वीडपॅचच्या बायांचे फोटो पण दाखवले. बराच वेळ बघत बसली. एका फोटोवर बोट ठेवून म्हनली, ही बाई उभ्यानंच झोपलीय बघ.

मग विचारलं की त्यानला पानी किती लांब व्हतं. कालव्याचं सांगितलं तर मान हलवली, आमचंबी तसंच म्हनली. मग तुम्ही लिहिलेला सरकारी कॅम्प सांगितला, तिथं पाणी कसं होतं ते मला माहीत नाही म्हणालो. तर म्हनली त्या ताईला इचार.

---

रानवाट | शुक्रवार, रात्री ११:३५

आईंना सांगा, नळ होते. संडास होते, कपडे धुवायला सिमेंटची टाकी होती, आणि बायकांना अंघोळीला वेगळी खोली, गरम पाण्याचे शॉवर.

---

धारूरचा मास्तर | शनिवार, सकाळी ६:२०

सांगितलं. दोनदा विचारलं तिनं, गरम पानी? सगळ्या बायानला? म्हनली उसाच्या पाचटानं अंगभर चिरा पडायच्या, रात्री गार पाणी घेतलं की आग आग व्हायची, म्हणून ती हंगामात चार-चार दिवस अंघोळच करायची नाही. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.